टूल संगणकाचे की प्रोजेक्टचे?

एकाच संगणकावर दोन प्रोजेक्ट असतात आणि दोघांना एकाच टूलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागतात, इथून हा प्रश्न सुरू होतो. जुन्या प्रोजेक्टचा कोड टाइपस्क्रिप्टच्या जुन्या कंपायलरवर बेतलेला असतो, नव्याला नवा कंपायलर हवा असतो. संगणकावर मात्र ‘टीएससी’ ही आज्ञा एकच. ती कोणत्या कंपायलरकडे जावी? गेली पंधरा-अठरा वर्षे प्रोग्रामर याचे उत्तर बदलत आले आहेत. आधी उत्तर होते की टूल संगणकावर एकदाच, सगळ्यांसाठी बसवा. आज बहुतेक ठिकाणी सांगतात की टूल प्रोजेक्टपुरते ठेवा आणि प्रोजेक्टमधूनच चालवा. या दोन उत्तरांच्या मधल्या वाटेवर बरेच काही घडले आहे आणि बरेच काही अजून ठरायचे आहे.

हा आढावा गोंदिया जिल्हा डोळ्यांपुढे ठेवून घेतला आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन स्वतःचा लॅपटॉप, ॲडमिन पासवर्ड आणि न संपणारे इंटरनेट असलेल्या प्रोग्रामरला गृहीत धरते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या अनेकांची परिस्थिती तशी नसते. लॅबमधला संगणक सामायिक असतो आणि त्याचा पासवर्ड लॅब असिस्टंटकडे. घरी इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट आणि रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक. प्रोजेक्ट न्यायचा तो पेनड्राइव्हवर. पुढे नागपूर, नाहीतर महाराष्ट्र एक्सप्रेसने थेट पुणे. शिकताशिकता एकच प्रोजेक्ट तीन-चार संगणकांवरून फिरतो, आणि त्या प्रत्येकावर टूल वेगळे भेटू शकते. पुण्यातल्या कंपनीत जो प्रश्न सोयीचा असतो, तो इथे काम होणार की अडणार याचा होतो.

सगळ्यांसाठी एकच

कमांड लाइनवर आज्ञा टाइप केली की शेल ती ठरावीक फोल्डरांत एकामागून एक शोधते. या फोल्डरांच्या यादीला पाथ म्हणतात. १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती आली. तिच्यातल्या बोर्न शेलने ही पद्धत रूढ केली आणि विंडोज, लिनक्स, मॅक यांच्यावर आजही तीच चालते. यादीत जे टूल आधी सापडेल ते चालते. त्याच नावाचे दुसरे टूल पुढच्या फोल्डरात असले तरी त्याची पाळी येत नाही.

त्या काळी संगणक एक, वापरणारे अनेक आणि डिस्क महाग. टूल एकाच ठिकाणी बसवायचे आणि ते काम ॲडमिनिस्ट्रेटरने करायचे, हे ओघानेच आले. डेबियनसारख्या लिनक्स डिस्ट्रोंनी ही शिस्त आणखी पक्की केली. हजारो पॅकेजे एकमेकांशी जुळवायची, तपासायची आणि एका वेळी एकच आवृत्ती द्यायची. या पद्धतीचे बळ एप्रिल २०१४ मध्ये दिसले. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड दोष उघड झाला तेव्हा डिस्ट्रोंनी एक पॅकेज बदलून दिले आणि त्यावर चालणाऱ्या सगळ्या प्रोग्रामांचा दोष त्या एका बदलाने दूर झाला. ज्यांनी ओपनएसएसएलची स्वतंत्र प्रत आपापल्या प्रोग्रामात बांधली होती, त्यांना ती जागोजागी शोधून बदलावी लागली. अशा एकदाच, सगळ्यांसाठी केलेल्या ग्लोबल इन्स्टॉलची बाजू मांडणारे आजही हाच मुद्दा पुढे करतात, आणि तो मोलाचा आहे.

अडचण आली ती प्रोग्रामिंगच्या टूल्सपाशी. ब्राउझर सगळ्यांना नवाच हवा असतो. कंपायलर, टेस्ट चालवणारे टूल, कोडची मांडणी तपासणारे टूल यांचे तसे नसते. आवृत्ती बदलली की त्याच कोडमधून वेगळा निकाल येऊ शकतो. काल हिरवी असलेली टेस्ट आज लाल होते आणि कोडमध्ये एक अक्षरही बदललेले नसते. अशा वेळी टूल प्रोजेक्टचाच भाग आहे असे म्हणावे लागते.

फोल्डरकडे

पायथॉनमध्ये ही जाणीव लवकर आली. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह काढले. प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा पिप (पॅकेज बसवणारे टूल), स्वतःची पॅकेजे, स्वतःच्या आज्ञा. पेप ४०५ या प्रस्तावानुसार २०१२ च्या पायथॉन ३.३ पासून ‘व्हेन्व्ह’ भाषेसोबतच मिळू लागले. रुबीत २०१० साली बंडलरची १.० आवृत्ती आली आणि ‘बंडल एक्झेक’ लिहून प्रोजेक्टमधली आवृत्ती चालवण्याची सवय लागली. पीएचपीच्या कंपोझरने टूल्स ‘व्हेंडर’ फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये ठेवली.

सर्वात जास्त उलथापालथ जावास्क्रिप्टमध्ये झाली, म्हणून तिथे थोडे थांबायला हवे. आयझॅक श्लूटर यांचे एनपीएम हे पॅकेज उतरवून बसवणारे टूल २०१० मध्ये आले तेव्हा ते सगळे ग्लोबलच बसवत असे. २०११ च्या १.० आवृत्तीत श्लूटर यांनी दिशा बदलली आणि पॅकेज प्रोजेक्टच्या नोड_मॉड्यूल्स फोल्डरात जाऊ लागले. ग्लोबल हवे असेल तर ‘जी’ हा फ्लॅग लावायचा. मात्र त्याच वेळी त्यांनी दिलेला नियम असा होता की कोडमध्ये वापरायचे ते लोकल ठेवा आणि शेलमध्ये चालवायचे ते ग्लोबल बसवा. म्हणजे लायब्ररी प्रोजेक्टची झाली, टूल संगणकाचेच राहिले. पुढची सहा-सात वर्षे जो गोंधळ झाला, त्याचे मूळ मला या विभागणीत दिसते. तेव्हा टूल्स कमी होती आणि सावकाश बदलत होती, त्यामुळे ती विभागणी वावगी नव्हती. परिस्थिती बदलली तेव्हा ती अडू लागली.

मधल्या काळात तडजोडी झाल्या. ग्रंट या कामे आपोआप चालवणाऱ्या टूलने २०१३ च्या ०.४ आवृत्तीत आपले दोन तुकडे केले. ‘ग्रंट-सीएलआय’ हा छोटा भाग ग्लोबल बसवायचा, आणि तो प्रोजेक्टमधला खरा ग्रंट शोधून त्याच्याकडे काम सोपवतो. अँगुलरचे ‘एनजी’ हे टूल आजही असेच वागते. ग्लोबल आणि लोकल आवृत्ती जुळत नसेल तर इशारा देते आणि लोकल चालवते. दुसरी तडजोड एनपीएममध्येच दडलेली होती. ‘एनपीएम रन’ने चालवलेल्या स्क्रिप्टसाठी नोड_मॉड्यूल्समधला ‘.बिन’ फोल्डर तेवढ्यापुरता पाथमध्ये येतो. हे बऱ्याच जणांना उशिरा कळले. तोवर लोक ‘.बिन’पर्यंतचा सगळा पत्ता हाताने टाइप करत होते.

जुलै २०१७ मध्ये एनपीएम ५.२ सोबत एनपीएक्स मिळू लागले. कॅट मार्चान यांनी लिहिलेले हे टूल आधी प्रोजेक्टमध्ये आज्ञा शोधते आणि सापडली नाही तर ती तात्पुरती उतरवून चालवते. त्यानंतर शिकवण्याची भाषाच बदलली. क्रिएट-रिॲक्ट-ॲपची माहितीपुस्तिका आधी ग्लोबल बसवा म्हणत होती. पुढे तिनेच सांगितले की ग्लोबल बसवले असेल तर काढून टाका आणि एनपीएक्सने चालवा.

इतर भाषाही याच वाटेला लागल्या. डॉटनेटने सप्टेंबर २०१९ च्या ३.० आवृत्तीत लोकल टूल्स आणली. प्रोजेक्टमधल्या एका छोट्या फाइलीत टूलचे नाव आणि आवृत्ती लिहायची, आणि ‘डॉटनेट टूल रिस्टोअर’ म्हटले की ती सगळ्यांकडे सारखी येते. गो भाषेत प्रोग्रामर बरीच वर्षे ‘टूल्स.गो’ नावाची एक नाममात्र फाइल ठेवून काम भागवत होते. फेब्रुवारी २०२५ च्या १.२४ आवृत्तीने टूलची नोंद थेट ‘गो.मॉड’मध्ये करण्याची सोय दिली.

नोंद आणि साठवण

इथवरच्या चर्चेत दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात आणि बरेचसे वाद त्यातूनच होतात असे माझे मत आहे. कोणत्या टूलची कोणती आवृत्ती लागते हे कुठे लिहायचे, हा एक प्रश्न. ते टूल प्रत्यक्षात डिस्कवर कुठे ठेवायचे, हा दुसरा. धानाचे वाण पोत्यावर लिहायलाच हवे, पण म्हणून प्रत्येक पोत्याला वेगळे गोदाम लागत नाही.

पहिल्या प्रश्नावर आज जवळजवळ एकमत आहे. नोंद प्रोजेक्टमध्येच हवी, आणि ती नुसती ‘या आवृत्तीच्या आसपास’ अशी नको, अचूक हवी. लॉकफाइल त्यासाठीच असते. तिच्यात प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती आणि त्याचा हॅश असतो, त्यामुळे उतरलेली फाइल तीच आहे का हे पडताळता येते.

मतभेद आहेत ते दुसऱ्या प्रश्नावर. पहिली भूमिका अशी की टूल प्रोजेक्टच्या फोल्डरातच ठेवावे. एनपीएम आणि व्हेन्व्ह हेच करतात. फायदा उघड आहे. फोल्डर पुसला की सगळे गेले, दुसऱ्या कशाला धक्का नाही, ॲडमिन पासवर्डची गरज नाही. किंमत जागेत आणि फायलींच्या संख्येत मोजावी लागते. एका साध्या रिॲक्ट प्रोजेक्टचा नोड_मॉड्यूल्स शेकडो एमबीचा आणि हजारो लहान फायलींचा होतो, आणि दहा प्रोजेक्ट असले तर ते दहा वेळा.

दुसरी भूमिका म्हणते, नोंद प्रोजेक्टमध्ये आणि साठवण वापरकर्त्याच्या एका सामायिक जागेत ठेवा. झोल्टान कोचान यांचे पीएनपीएम प्रत्येक पॅकेज एकाच स्टोअरमध्ये एकदाच ठेवते आणि प्रोजेक्टमध्ये त्याची हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलीकडे जाणारे दुसरे नाव, देते. दहा प्रोजेक्टना एकच आवृत्ती लागत असेल तर डिस्कवर ती एकदाच असते. पायथॉनमध्ये अस्ट्रल कंपनीच्या यूव्हीने २०२४ पासून हीच कल्पना फार वेगवान केली, आणि ते पायथॉनची हवी ती आवृत्तीसुद्धा ॲडमिन हक्काशिवाय वापरकर्त्याच्या फोल्डरात आणून देते. जावावाल्यांनी हे कधीच केले होते. ग्रेडल रॅपरची एक छोटी फाइल प्रोजेक्टमध्ये असते आणि ती सांगेल ती ग्रेडल आवृत्ती वापरकर्त्याच्या होम फोल्डरात एकदा उतरते. या सगळ्यांच्या टोकाला निक्स आहे. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या प्रबंधाने त्याची मांडणी पूर्ण केली. निक्समध्ये प्रत्येक पॅकेजच्या पत्त्यातच हॅश असतो, म्हणून एकाच टूलच्या कितीही आवृत्त्या शेजारी-शेजारी नांदतात. बैठक सर्वात पक्की निक्सचीच आहे, पण शिकायला ते अवघड आहे आणि पहिल्यांदा बसवताना सहसा ॲडमिन हक्क लागतात.

तिसरी भूमिका आवृत्ती बदलून देणाऱ्या टूल्सची. एनव्हीएम, आरबीएन्व्ह, पायएन्व्ह, आणि या सगळ्यांना एका छत्राखाली आणणारे आकाश मनोहर यांचे २०१४ चे एएसडीएफ. भाषेचा इंटरप्रिटरच बदलायचा असेल तेव्हा यांची गरज भासते, कारण एनपीएम स्वतः नोडची आवृत्ती बदलू शकत नाही. एएसडीएफसारखी टूल्स पाथमध्ये शिम नावाच्या मध्यस्थ फायली ठेवतात. आज्ञा दिली की शिम आधी प्रोजेक्टची नोंद वाचतो आणि मग योग्य आवृत्तीकडे पाठवतो. प्रत्येक आज्ञेला थोडा वेळ जास्त लागतो, आणि काही बिघडले तर नेमके कोण चालले हे शोधणे नवख्याला जड जाते.

चौथी भूमिका म्हणजे सगळा संगणकच बांधून द्यायचा. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने हे सोपे केले. टूल, लायब्ररी आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा लागेल तेवढा भाग एका इमेजमध्ये जातो. मोठ्या संघांत हे उत्तम चालते. विंडोजवर त्यासाठी व्हर्च्युअलायझेशन चालू असावे लागते, मेमरी भरपूर लागते आणि इमेज उतरवायला डेटा लागतो. लॅबमधल्या जुन्या संगणकावर तिन्ही गोष्टी एकत्र जुळणे कठीण.

डिस्ट्रोंची बाजू

पायथॉनमधला वाद वेगळ्या कारणाने पेटला. लिनक्सच्या अनेक डिस्ट्रोंची स्वतःची टूल्स पायथॉनवर चालतात. कोणी ‘सुडो पिप इन्स्टॉल’ केले आणि एखादी लायब्ररी बदलली की ऑपरेटिंग सिस्टिमचेच काही टूल मोडते. २०२२ मध्ये मंजूर झालेल्या पेप ६६८ ने डिस्ट्रोंना हे थांबवण्याचा मार्ग दिला. उबुंटू २३.०४ आणि जून २०२३ चे डेबियन १२ यांच्यापासून पिपने सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही टाकू म्हटले की ते नकार देते आणि व्हेन्व्ह किंवा पिपएक्स वापरा असे सांगते.

डिस्ट्रोंच्या दृष्टीने हे संरक्षण होते. शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने, काल चालणारी ओळ आज चालेना. ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ हा फ्लॅग लावून पुढे जाता येते आणि शोधले की तोच उपाय आधी सापडतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे. डिस्ट्रोला आपली यंत्रणा शाबूत ठेवायची आहे, आणि पहिल्या तासाला विद्यार्थ्याला व्हेन्व्ह समजावणे खरोखरच अवघड आहे. एक मधला प्रस्तावही होता. पेप ५८२ ने सुचवले होते की पायथॉनने प्रोजेक्टमधला एक ठरावीक फोल्डर आपोआप ओळखावा, नोड_मॉड्यूल्ससारखा. पाच वर्षे चर्चा होऊन २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. नवख्यांसाठी तो सोपा होता, पण व्हेन्व्हच्या बरोबरीने आणखी एक पद्धत वाढवण्याइतका त्याचा लाभ आहे असे पुरेशा लोकांना वाटले नाही.

लॅब, पॅक, पेनड्राइव्ह

आता हे सगळे गोंदियातल्या परिस्थितीवर ठेवून पाहू. पहिली गोष्ट प्रोजेक्ट-लोकल पद्धतीच्या बाजूची आहे. ॲडमिन पासवर्ड नसलेल्या विद्यार्थ्याला ती मोकळीक देते. नोड आणि पायथॉन एकदा बसवलेले असले की पुढचे प्रत्येक टूल त्याला लॅब असिस्टंटला न विचारता आणता येते. सामायिक संगणकावर सकाळच्या बॅचने बसवलेले टूल दुपारच्या बॅचला आड येत नाही. शिक्षकाचाही वेळ वाचतो, कारण तीस संगणकांवर तीस वेळा टूल बसवण्याऐवजी एक नोंद-फाइल वाटली की पुरते.

विंडोजवर यात एक नेहमीचा अडथळा येतो. पॉवरशेल मुळात स्क्रिप्ट चालवू देत नाही, त्यामुळे व्हेन्व्ह चालू करायला गेले किंवा एनपीएमची आज्ञा दिली की लाल अक्षरांत ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ अशी ओळ दिसते. आपल्याकडून काहीतरी मोडले असे समजून विद्यार्थी तिथेच थांबतो. पॉवरशेलऐवजी जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये गेले, किंवा फक्त आपल्या वापरकर्त्यापुरते धोरण सैल केले की काम होते. ॲडमिन हक्क त्यासाठीही लागत नाहीत.

पेनड्राइव्हची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. फॅट३२ आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हवरच्या नेहमीच्या पद्धतींत ना हार्ड लिंक चालते ना सिमलिंक. लिनक्सवर ‘.बिन’मधल्या आज्ञा सिमलिंकच असतात, म्हणून प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर ठेवूनच चालवू पाहिला तर इन्स्टॉल अडते. अशा फाइलसिस्टिमसाठी एनपीएममध्ये बिन-लिंक्स बंद करण्याचा पर्याय आहे, पण मग आज्ञा थोडक्या नावाने चालत नाहीत. पीएनपीएमची हार्ड लिंकही एकाच ड्राइव्हच्या आत चालते. स्टोअर सी ड्राइव्हवर आणि प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर असला की बचतीचा सगळा हिशेब बदलतो. व्हेन्व्हच्या फायलींत मूळ फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, म्हणून तो दुसऱ्या संगणकावर उचलून नेला तर चालत नाही. पायथॉनची अधिकृत माहितीपुस्तिकाही व्हेन्व्ह हलवण्याची नव्हे, पुसून पुन्हा बनवण्याची वस्तू मानते. थोडक्यात, पेनड्राइव्हवर कोड आणि नोंद-फाइल न्यायची, टूल नाही. हजारो लहान फायली कॉपी व्हायला लागणारा वेळही त्यामुळे वाचतो.

पण मग टूल पुन्हा उतरवायला डेटा लागतो, आणि रोजचा पॅक तिथे संपतो. प्रोजेक्ट-लोकल पद्धतीवर या भागातून घेता येईल असा सर्वात वजनदार आक्षेप हाच आहे. ती मुळात इंटरनेट गृहीत धरते. उपाय आहेत, पण ते कुणीतरी मांडून द्यावे लागतात. एनपीएम उतरवलेले पॅकेज कॅशमध्ये ठेवते, आणि ‘प्रिफर-ऑफलाइन’ म्हटले की आधी तिथे पाहते. पिपला एका संगणकावर ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेजे फोल्डरात साठवून दुसऱ्यावर तिथूनच इन्स्टॉल करायला सांगता येते. यार्न या एनपीएमच्या पर्यायी टूलच्या नव्या आवृत्त्यांत पॅकेजांच्या झिप फायली प्रोजेक्टसोबतच ठेवण्याची सोय आहे. लॅबसाठी मला सर्वात उपयुक्त वाटतात ते पॅकेजे जवळ साठवून देणारे सर्व्हर: एनपीएमसाठी व्हर्डाचिओ, आणि पायथॉनसाठी डेव्हपाय. लॅबमधल्या एका संगणकावर हे चालू ठेवले की पहिल्या विद्यार्थ्याने मागितलेले पॅकेज बाहेरून येते आणि बाकीच्यांना ते लॅबच्या आतूनच मिळते. एकोणतीस जणांचा डेटा वाचतो, आणि इंटरनेट गेले तरी तास थांबत नाही.

शिकण्याच्या साहित्याचा प्रश्नही याला जोडलेला आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे त्याचे छोटे ध्वनिचित्र धडे मराठीतही आहेत, आणि शिक्षक जवळ नसताना एकट्याने शिकणाऱ्याला समोर ठेवून ते केले आहेत. धड्याच्या सुरुवातीलाच कोणती उबुंटू आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे हे सांगितलेले असते. ही सवय चांगली आहे. सॉफ्टवेअर पुढे जाते आणि ध्वनिमुद्रण तिथेच राहते, तेव्हा निदान फरक कुठे पडला हे कळते. ज्या टूलची आवृत्ती प्रोजेक्टमध्ये बांधता येते, त्याचा धडा जास्त वर्षे टिकतो, कारण शिकणारा धड्यातलीच आवृत्ती आपल्या फोल्डरात आणू शकतो. मराठीत नवे साहित्य सावकाश तयार होते, म्हणून ही गोष्ट आपल्याला इंग्रजीत शिकणाऱ्यांपेक्षा जास्त मोलाची आहे. धड्यासोबत एक नोंद-फाइल दिली तर त्याचे आयुष्य वाढेल.

फोल्डरला मराठी नाव देणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. एनपीएमच्या पॅकेजच्या नावात देवनागरी चालत नाही आणि ‘एनपीएम इनिट’ ते नाव फोल्डरवरूनच घेऊ पाहते. नवख्याला हा नकार का आला ते कळत नाही. फोल्डरचे नाव रोमनमध्ये आणि मोकळी जागा न सोडता ठेवणे, हाच सध्याचा उपाय.

उतरवून चालवण्याचा धोका

एनपीएक्सने सोय दिली तशी जोखीमही आणली. टाइपस्क्रिप्टचेच उदाहरण घ्या. आज्ञेचे नाव ‘टीएससी’ आणि पॅकेजचे नाव ‘टाइपस्क्रिप्ट’. प्रोजेक्टमध्ये टाइपस्क्रिप्ट नसताना ‘एनपीएक्स टीएससी’ म्हटले तर एनपीएक्स ‘टीएससी’ नावाचे पॅकेज शोधते, आणि त्या नावाचे वेगळेच पॅकेज तिथे आहे. ते निरुपद्रवी आहे, पण सगळीच तशी नसतात. एक अक्षर चुकलेल्या नावाने घातक पॅकेज ठेवणारे लोक आहेत. एनपीएम ७ पासून एनपीएक्स उतरवण्याआधी विचारते, आणि ‘नो’ फ्लॅग लावला तर उतरवतच नाही. शिकवताना हा फ्लॅग सवयीचा करावा असे मला वाटते.

मोठा धोका पॅकेजांच्या आत असतो. इन्स्टॉल होतानाच पॅकेज स्वतःची स्क्रिप्ट चालवू शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये आधी चॉक, डीबग यांसारखी जगभर वापरली जाणारी पॅकेजे त्यांच्या देखभालकर्त्याला फसवून दूषित केली गेली. मग त्याच महिन्यात ‘शाई-हुलूद’ नावाचा स्वतःच पसरणारा किडा पाचशेहून अधिक पॅकेजांत शिरला. प्रोग्रामरच्या संगणकावरच्या गुप्त चाव्या चोरणे हा त्याचा उद्देश होता. ग्लोबल बाजूचे लोक म्हणतात की डिस्ट्रोची तपासणी वगळून थेट एनपीएमच्या रजिस्ट्रीतून उतरवण्याची ही किंमत आहे. लोकल बाजूचे म्हणतात की लॉकफाइल असलेल्यांच्या हाती, आवृत्ती मुद्दाम वाढवल्याशिवाय, नवे दूषित पॅकेज पडत नाही, म्हणून ‘एनपीएम सीआय’ने लॉकफाइलप्रमाणेच उतरवा. दोन्ही खरे आहे. टूलवाले मधून वाट काढत आहेत. जानेवारी २०२५ च्या पीएनपीएम १० मध्ये इन्स्टॉल-स्क्रिप्ट मुळातच बंद आहेत, हव्या त्या पॅकेजला नाव घेऊन परवानगी द्यावी लागते.

पाथमध्ये ‘चालू फोल्डरातला .बिन’ कायमचा टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. तो मी घेणार नाही. पेनड्राइव्हवरून आलेल्या कुठल्याही फोल्डरात शिरल्यावर तिथले ‘गिट’ नावाचे काहीही चालू शकते. फोल्डरवर विश्वास ठेवायचा का हे आधी विचारणारी टूल्स आहेत. डायरएन्व्ह ते विचारते, व्हीएस कोडही २०२१ पासून विचारते. सामायिक संगणकावर तेवढा एक प्रश्न असायलाच हवा.

जे ठरलेले नाही

सर्वात जुना अनुत्तरित प्रश्न पहिल्या पायरीचा आहे. सगळी टूल्स प्रोजेक्टमध्ये आली तरी ती आणणारे टूल कुठून येणार? नोडने २०२१ मध्ये कोअरपॅक सोबत देऊन हे सोडवू पाहिले. प्रोजेक्टमध्ये लिहिलेली यार्न किंवा पीएनपीएमची आवृत्ती ते आपोआप आणते. नंतर नोडच्या तांत्रिक समितीनेच नोड २५ पासून ते सोबत न देण्याचे ठरवले. भाषेच्या गाभ्याने हे ओझे उचलावे की नाही, यावर दोन्ही बाजूंना अनुभवी लोक आहेत. लॅबमध्ये मात्र याचा अर्थ असा की निदान एक गोष्ट तरी ॲडमिनच्या हातानेच बसणार, आणि ती कोणती हे दर काही वर्षांनी बदलणार.

नोंदीच्या स्वरूपाचेही तसेच. प्रत्येक टूलची लॉकफाइल वेगळी. पायथॉनने २०२५ मध्ये पेप ७५१ मंजूर करून एक सामायिक स्वरूप ठरवले आहे. ते सगळी टूल्स मनापासून स्वीकारतील का, हे पुढच्या काही वर्षांत दिसेल. भाषाभाषांमध्ये चालेल अशी सर्वमान्य नोंद अजून नाही. एएसडीएफची ‘.टूल-व्हर्जन्स’ फाइल त्याच्या जवळ जाते, पण ती आवृत्ती लिहिते, हॅश नाही.

आणि आवृत्ती बांधून ठेवण्याला काळाची मर्यादा आहेच. पायथॉन ३.८ ची देखभाल ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली, नोड १८ ची एप्रिल २०२५ मध्ये. अभ्यासक्रम ज्या आवृत्तीवर लिहिला गेला, ती त्याच्या आयुष्यातच देखभालीबाहेर जाते. बांधलेली आवृत्ती चालत राहते, पण तिच्यातले दोष कुणी दुरुस्त करत नाही. किती काळ बांधून ठेवायचे आणि कधी सोडायचे, याचा निर्णय आज प्रत्येक शिक्षक आपापल्या तासापुरता घेतो. जिल्ह्यातली बहुतेक महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रॅक्टिकलच्या यादीसोबत आवृत्त्यांची एक नोंद-फाइल विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने दिली आणि दर वर्षी ती तपासली, तर गोंदिया, भंडारा, वर्धा आणि नागपूर इथल्या लॅब एकाच आवृत्तीवर येऊ शकतात. त्या पॅकेजांची प्रत लॅबच्या संगणकावर कोणी भरायची, ती कोणी ताजी ठेवायची आणि तिच्यात दूषित काही आले तर कोणी काढायचे, हे काम आज कुणाच्याच नेमणुकीत लिहिलेले नाही.